कुत्र्याच्या तोंडचे अक्षर

(१/७) आजचा धागा कॉमिक सॅन्स या बदनाम इंग्रजी फॉन्टविषयी आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांत मीही होतो. म्हणून इतिहासासोबत एक कबुलीही द्यायची आहे.

(२/७) साल १९९४. संगणकाला बिचकणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टमध्ये 'बॉब' नावाची प्रणाली तयार होत होती. तिच्यात एक कार्टून कुत्रा पडद्यावर येऊन सूचना देई. अक्षरकार व्हिन्सेंट कॉनेर यांना त्याच्या संवादफुग्यात टाइम्स न्यू रोमन दिसले आणि ते त्यांना खटकले. १९३२ साली लंडनच्या 'द टाइम्स' या वृत्तपत्रात अवतरलेले ते भारदस्त अक्षर कुत्र्याच्या तोंडी शोभेना.

(३/७) कॉनेर यांच्या कचेरीत 'वॉचमेन' आणि 'द डार्क नाइट रिटर्न्स' ही चित्रकथांची पुस्तके होती. त्यांतील हस्तलिखित संवादांवरून त्यांनी नवे अक्षर रेखले: गोल टोके, जवळपास एकसारखी जाडी, किंचित डळमळत्या रेषा. 'बॉब'साठी त्याला उशीर झाला. पण विंडोज ९५च्या 'प्लस' संचातून ते घरोघरी पोहोचले.

(४/७) मग ते वाढदिवसाच्या निमंत्रणांवर आले, तसे गंभीर सूचनाफलकांवरही. ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे फाबिओला जियानोत्ती यांनी हिग्ज बोसॉनच्या शोधासंबंधीचे अ‍ॅटलास प्रयोगाचे निष्कर्ष याच अक्षरात मांडले. विश्वाचे एक कोडे सुटत असताना समाजमाध्यमांवर फॉन्टची थट्टा रंगली. त्या हशात माझाही वाटा होता.

(५/७) मी अक्षरजुळणीच्या व्यवसायातला. भाची पहिलीत असताना तिच्या बाईंची इंग्रजी सरावपत्रके कॉमिक सॅन्समध्ये येत. एकदा ती मी टाइम्स न्यू रोमनमध्ये नव्याने जुळवली, छापली आणि "हे शाळेला शोभेल" असे म्हणत बाईंना नेऊन दिली. त्या संकोचल्या, आभार मानून त्यांनी ती वर्गात वाटली.

(६/७) त्या संध्याकाळी भाची अडखळली. "मामा, हे कुठलं अक्षर?" तो धाकटा 'ए' होता, डोक्यावर आकडा असलेला छापील 'ए'. वहीत ती काढायची तो म्हणजे एक गोल आणि त्याला चिकटलेला दांडा. कॉमिक सॅन्समधला 'ए' नेमका तसाच असतो. पान अर्धवट ठेवून ती म्हणाली, "मला वाचताच येत नाही." ते वाक्य माझ्या सौंदर्यदृष्टीने तिच्या तोंडी घातले होते.

(७/७) ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही वाचनास सुलभ अक्षरांमध्ये कॉमिक सॅन्सचे नाव आहे, हे मला पुढे कळले. दुसऱ्या दिवशी मी बाईंची क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "मुलं जसं लिहितात, तसंच छापलेलं त्यांना आधी द्यावं." कुत्र्याच्या तोंडी कोणते अक्षर शोभत नाही, हे कॉनेर यांनी पाहताक्षणी ओळखले होते. मुलीच्या हाती कोणते द्यावे, हे मला मात्र तिने रडवेले होऊन शिकवावे लागले.