‘बरे होईल’ आणि ‘बरे होईलच’

‘बरे होईल’, ‘बरे होईलच’ आणि ‘बरे होईलही’ ही तीन वाक्ये एकदा मोठ्याने म्हणून पाहा. डॉक्टर पहिले म्हणतो, मुलगा घरी जाऊन दुसरे सांगतो आणि अंथरुणावरच्या आजींना रात्री तिसरे ऐकू येते.

राळेगणसिद्धी परिसरातील रुग्ण माझ्याकडे येतात. पारनेर तालुका अवर्षणप्रवण; इथला म्हातारा शेतकरी पावसाविषयी ‘नक्की’ असे सहसा म्हणत नाही. १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या पाणलोटाच्या कामांनी या गावात पाऊस हमखास झाला नाही, पडलेला मात्र मुरू लागला. पण हाच शेतकरी माझ्यासमोर बसला की विचारतो, “डॉक्टर, गुडघा नक्की बरा होईल ना?”

स्पॅनिश शिकणाऱ्या एका रुग्णाच्या नातीने मला एक गंमत सांगितली. त्या भाषेत ‘सेगुरो’ म्हणजे खात्रीचा. परंतु त्यापासून झालेले ‘सेगुरामेंते’ हे क्रियाविशेषण पुष्कळदा ‘बहुधा’ एवढ्याच अर्थाने वापरतात. आपल्या ‘नक्की येतो’ची गत निराळी आहे, असे मला वाटत नाही!

माझ्यापुरते सांगतो. गुडघ्याच्या झिजेत नियमित व्यायामाने वेदना बहुधा कमी होते. झालेली झीज मात्र भरून येत नाही, हे नक्की. स्मृतिभ्रंशाच्या गोळ्यांनी काही काळ थोडा फरक कदाचित पडेल. आणि तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळू लागली, तर तेथे ‘बहुधा वारं लागलं असेल’ म्हणत तेल चोळीत बसू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्णाला ते लागेलच असे नाही. पण मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यायचे, हे नक्की.

युरोपात औषधांच्या माहितीपत्रकातील अशा शब्दांना आकडे ठरवून दिलेले आहेत. दुष्परिणाम ‘सामान्य’ म्हणजे शंभरांत एक ते दहा जणांना. ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना. आमच्या तोंडच्या शब्दांना असे कोष्टक नाही. तेव्हा आपणच विचारा, “बहुधा म्हणजे शंभरांत किती जणांना?” नेमका आकडा मिळाला नाही, तरी ‘बऱ्याच’ की ‘थोड्या’ एवढे कळेल. उत्तर कागदावर त्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि आजोबांना कमी ऐकू येत असेल तर त्यांच्याच समोर पुन्हा वाचून दाखवा. परगावच्या भावंडांना फोनवर निरोप देतानाही शब्द बदलू नका.

शेवटच्या आजारात “वाचतील ना नक्की?” असे विचारले जाते, तेव्हा मला ‘नक्की’ म्हणता येत नाही. वेदना बहुधा आटोक्यात ठेवता येईल, एवढे सांगतो. आणि उद्या सकाळी येईनच, हेही.