वाचनालयाचा सर्व्हर पुन्हा उभा राहिला

आमच्या घरात दोन शिक्षक आहेत. एक उर्दू-मराठीच्या, एक गणिताचे. कॉम्प्युटरचं म्हणाल तर शाळेची माहिती ऑनलाइन भरण्यापुरतं दोघांनाही येतं. तरी या लेखात सर्व्हर, टॉमकॅट असे शब्द येणार आहेत. वाचक भगिनींनी घाबरून पान उलटू नये. हे शब्द आम्हीही थोरल्या लेकीकडून नुकतेच शिकलो. ज्यांच्या घरी मुलं-मुली कॉम्प्युटरचं शिक्षण घेत आहेत, त्यांना यातलं काहीतरी नक्की ओळखीचं वाटेल.

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) २०२१ मध्ये, शाळा बंद असण्याच्या काळात, रीड अँड लीड फाउंडेशनने एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने मोहल्ला बाल वाचनालयं सुरू केली. ते पाहून आम्हीही रोशन गेटमागच्या गल्लीत, नातेवाइकांच्या रिकाम्या खोलीत, एक छोटं वाचनालय मांडलं. उर्दू आणि मराठी मिळून चारशेच्या आसपास पुस्तकं. खोली उघडणं, पुस्तक देणं-घेणं, फाटलेली पानं चिकटवणं हे सगळं आठवी-नववीच्या मुली बघतात. मोठ्यांनी फक्त भाडं आणि विजेचं बिल बघायचं.

आमचा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने जावा भाषेत नोंदीचं एक ॲप्लिकेशन लिहून दिलं. कोणतं पुस्तक कोणाकडे, कधी परत येणार, सगळं त्यात. एका जुन्या कॉम्प्युटरवर ते तीन वर्षं बिनतक्रार चाललं. मग भाच्याला आखातात नोकरी लागली आणि पुढच्या मे महिन्यात त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली.

नोंदी वाचल्या, कारण नववीतली एक मुलगी दर शुक्रवारी न चुकता त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेत होती. भाच्याने केलेली मूळ फाइलही त्यातच होती. म्हणजे सामान सगळं शाबूत होतं. ते मांडायचं कसं, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "खाला, फोनवर सांगून नाही होणार. काय काय केलं होतं ते मलाच आता आठवत नाही. सुट्टीत आलो की करून देतो." एका दुकानदाराने नवं सॉफ्टवेअर दरवर्षी पैसे भरून घ्या असं सुचवलं. मुली वहीवर आल्या. वहीवरून दोन आठवड्यांत तीन भांडणं झाली आणि खोली रोजच्याऐवजी एक दिवसाआड उघडू लागली.

आमची थोरली बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. जावा तिला येत होतं, पण स्वतःच्या लॅपटॉपवर बटण दाबून चालवण्यापुरतं. दुसऱ्या मशीनवर, दहा जणांनी वापरावं असं ॲप्लिकेशन तिने कधी बसवलं नव्हतं. कॉलेजात प्रोजेक्टचे गुण मिळतात ते लॅपटॉपवर दाखवून. हे म्हणजे स्वयंपाकाची परीक्षा आपल्याच चुलीवर देण्यासारखं आहे. दावतीच्या मांडवात उभं राहिल्यावर पाणी कुठून येणार इथपासून प्रश्न सुरू होतात.

थोडक्यात सांगायचं तर प्रकार असा आहे. जावाचं असं ॲप्लिकेशन एका फाइलमध्ये बांधून तयार होतं, तिला वॉर फाइल म्हणतात. ती चालवायला एक यजमान लागतो. आमच्याकडे तो टॉमकॅट. सन कंपनीत जन्मलेला हा प्रोग्रॅम १९९९ मध्ये अपाचे फाउंडेशनकडे सोपवला गेला आणि तेव्हापासून सगळ्यांना फुकट आहे. टॉमकॅट म्हणजे बोका. लिहिणाऱ्याला असा प्राणी हवा होता जो स्वतःची काळजी स्वतः घेतो. बोक्याच्या webapps नावाच्या फोल्डरात, म्हणजे 'वेबॲप्स'मध्ये, वॉर फाइल ठेवली की तो ती उघडून चालू करतो. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण त्याआधी जावा हवं, टॉमकॅटसाठी वेगळा वापरकर्ता हवा, नोंदींचा डेटाबेस हवा, वीज गेली आणि आली की सगळं आपोआप सुरू व्हायला हवं.

हे सगळं हाताने करायला थोरलीने नकार दिला. "अम्मी, मी हाताने केलं तर उद्या मीही भाईसारखीच विसरेन." तिने ॲन्सिबल नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. हेही फुकट. २०१२ मध्ये ते आलं, आणि त्याच्या नावाचा शब्द मूळचा उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या कादंबरीतला आहे. तिथे 'ॲन्सिबल' म्हणजे कितीही दूरवर क्षणात निरोप पोचवणारं यंत्र. आपल्याला मशीनवर जे जे करून हवं ते एका फाइलमध्ये ओळीने लिहायचं, तिला प्लेबुक म्हणतात. मग लॅपटॉपवरून एक कमांड द्यायची. ॲन्सिबल दुसऱ्या मशीनवर जाऊन एकेक ओळ पार पाडतं आणि काय झालं ते सांगतं. या फाइलमध्ये समासाला फार महत्त्व आहे. दोन-दोन जागा सोडून लिहायचं, टॅबचं बटण चालत नाही. समास न सोडणाऱ्या पोरांच्या वह्या आयुष्यभर तपासलेल्या आम्हाला ही शिस्त फारच आवडली.

पहिल्या दिवशी सगळ्या ओळी हिरव्या-पिवळ्या झाल्या, एकही लाल नाही. टॉमकॅटचं स्वतःचं पान दिसलं. वाचनालयाचं पान मागितलं की मात्र ४०४, म्हणजे 'असं काही इथे नाही'. तीन संध्याकाळी यात गेल्या. मगरिबनंतर ती बसायची, जेवायला हाका मारून आमचे घसे बसायचे. चौथ्या दिवशी उलगडा झाला. जावाचा सर्व्हरवर चालणारा भाग ओरॅकल कंपनीने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण 'जावा' नावावरचा हक्क स्वतःकडे ठेवला. म्हणून पुढे आतल्या सगळ्या नावांतलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. (जकार्ता हे जावा बेटावरचंच शहर, म्हणजे घर बदललं तरी मोहल्ला तोच.) टॉमकॅट १० फक्त नवी नावं ओळखतो. भाच्याचं ॲप्लिकेशन जुन्या नावांनी लिहिलेलं, आणि नव्या मशीनवर आपोआप आला तो टॉमकॅट १०. थोरलीने प्लेबुकात टॉमकॅट ९ असा आकडा लिहिला आणि वर शेरा टाकला की ९ का, १० का नाही. पुन्हा कमांड दिली. पान उघडलं, शुक्रवारची प्रत आत गेली, सगळी पुस्तकं जागेवर.

आमच्या मते सगळ्यात मोलाचा आहे तो हा शेरा. भाच्याचं काम उत्तम होतं, पण ते त्याच्या डोक्यात होतं आणि डोकं विमानात बसून गेलं. आपल्या घरांत असं किती ज्ञान राहतं! नानीच्या हातचा मसाला 'अंदाजे'च असतो, आणि नानी गेल्यावर तो अंदाज कोणालाच जमत नाही. मशीनला अंदाज चालत नाही. प्रत्येक पायरी स्वतःला नीट कळल्याशिवाय तिला सांगताच येत नाही.

दादींना हे पटलं नाही. "सब मशीनच करेगी तो बच्ची क्या सीखेगी?" असं त्या दोनदा म्हणाल्या. तेव्हा आम्ही पाणचक्कीची आठवण दिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ती चक्की पाण्यावर आपोआप फिरून पीठ दळायची. पण डोंगरातल्या झऱ्यापासून मातीचे नळ टाकत, चढ-उतार मोजत ते पाणी तिथवर आणणाऱ्यांना किती शिकावं लागलं असेल? दादी म्हणाल्या, "वो तो बड़े लोगां थे." तो विषय तिथेच राहिला.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने करून घेतली. नोंदींमध्ये मुलींची नावं आणि पालकांचे मोबाइल नंबर आहेत. म्हणून ते पान फक्त खोलीतल्या वायफायवर उघडतं, बाहेरच्या इंटरनेटवर नाही. पासवर्डही प्लेबुकात उघडे लिहिलेले नाहीत, ॲन्सिबलच्या कुलूपबंद फाइलमध्ये आहेत. किल्ली दोघींकडे आहे. थोरलीकडे आणि त्या शुक्रवारवाल्या मुलीकडे.

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. थोरलीने मशीन मुद्दाम पुसून कोरं केलं, लॅपटॉप त्या नववीतल्या मुलीपुढे ठेवला आणि स्वतः खोलीबाहेर जाऊन बसली. असरची अजान झाली तेव्हा सुरुवात झाली. मगरिबच्या आत वाचनालयाचं पान उघडलं होतं. मुलीने लगेच तीच कमांड पुन्हा दिली, आणि या वेळी शेवटच्या ओळीत 'बदल शून्य' आलं. जे आधीच नीट आहे त्याला ॲन्सिबल हात लावत नाही. "टीचर, ये तो हमारे घर के मर्दों से अच्छा है," ती म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्या मुली हसल्या.

भाच्याने आखातातून ती फाइल मागवून घेतली. खोली पुन्हा रोज उघडते. प्लेबुकातले शेरे इंग्रजीत आहेत, ते मुलींसाठी उर्दू आणि मराठीत करायचं काम आमच्याकडे आलं आहे. मराठी झालं. उर्दूत 'सर्व्हर'ला सर्व्हरच म्हणावं की दुसरा शब्द शोधावा, यावर घरातल्या दोन शिक्षकांचं अजून जुळलेलं नाही.