लाल शाई

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. वह्या तपासताना माझं लाल पेन ठरावीक चुकांवर थांबायचं: ‘माझा घर’, ‘शाला’, ‘पानी’. कारणं मला ठाऊक होती. उर्दूत नपुंसकलिंग नाही, तिथे घर पुल्लिंगी. ‘ळ’ आणि ‘ण’ उर्दूत नाहीतच. पण गुण देताना हे मी सोयीस्करपणे विसरायचो.

आठवीतल्या एका मुलानं ‘माझे वडील’ हा निबंध लिहिला. अब्बा रात्रपाळीला यंत्रमाग चालवतात, माग घराला लागूनच आहेत. खटखट थांबली की आपल्याला जाग येते, असं त्यानं लिहिलं होतं. चुका चौदा. मी 10 पैकी 3 दिले. गाईडमधला निबंध सुवाच्य अक्षरात उतरवणाऱ्याला 8. वही घेताना तो म्हणाला, “सर, मुझे मराठी आती ही नहीं ना?”

त्या रात्री बीएडची वही काढली. रुब्रिकचे तक्ते मी त्यात छान आखले होते, वापरले मात्र कधीच नव्हते. चार निकष घेतले: आशय, मांडणी, शब्दसंपदा, शुद्धता. प्रत्येकाला 1 ते 4 गुण, आणि कोणता गुण कशाला ते स्पष्ट शब्दांत. आशयात 4 म्हणजे ‘स्वतःचा अनुभव, तपशिलासह’. 1 म्हणजे ‘कुणाच्याही वडिलांबद्दल चालेल असं’.

दोन्ही निबंध पुन्हा तपासले. मागवाल्या मुलाला आशयात 4, मांडणी आणि शब्दसंपदेत 3-3, शुद्धतेत 1. एकूण 16 पैकी 11. गाईडवाल्याला 10, त्याचा आशय 1 वर आला. म्हणजे आजवर मी फक्त शुद्धलेखन तपासत होतो आणि त्याला मराठी म्हणत होतो.

रुब्रिक म्हणजे सूट नव्हे. बोर्डाच्या परीक्षेत ‘माझा घर’ कुणी माफ करणार नाही. म्हणूनच शुद्धतेचा 1 मी वाढवला नाही. आता तक्ता मात्र निबंधाच्या आधीच फळ्यावर लिहितो.

रुब्रिक या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, लाल रंगात आहे; जुन्या हस्तलिखितांत शीर्षकं लाल शाईनं लिहीत. आपली ‘सुर्खी’ही त्याच रंगाची. लाल शाईचं काम वाट दाखवण्याचंही होतं, हे मला उशिरा कळलं.

परवा तोच मुलगा वही घेऊन आला. “सर, शुद्धता में 1 से 2 कैसे होगा?”

म्हटलं, “बस. ‘घर’पासून सुरुवात करू.”