बंगळूरच्या विमान संग्रहालयात : वळणाऱ्या पात्यांची गोष्ट

बंगळूरला जाणारी मराठी मंडळी लालबाग पाहतात, विधानसौध बाहेरून पाहतात, म्हैसूर सिल्कची खरेदी करतात आणि परततात. ओल्ड एअरपोर्ट रोडने मारतहळ्ळीच्या बाजूला निघालं, की डाव्या-उजव्या हाताला ‘एचएएल’चा पसारा सुरू होतो. तिथलं विमान संग्रहालय मात्र फार थोड्यांच्या यादीत असतं. 2001 साली ते सुरू झालं. ज्या कारखान्याचं ते आहे, त्याचा पाया सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 1940 मध्ये घातला, हे ठाऊक असलं तर आपल्या माणसाचा पायरव ऐकू आल्यासारखं वाटतं.

आवारात झाडांच्या सावलीत विमानं उभी आहेत. मुलं साहजिकच तिकडे धावतात. ‘मारुत’ तिथेच आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक याच्या हाताखाली आपल्या लोकांनी घडवलेलं हे लढाऊ विमान 17 जून 1961 रोजी प्रथम उडालं. देखणं विमान! ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या अपेक्षेने आखलेल्या या विमानाला त्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. ‘ऑर्फिअस’ नावाच्या दोन लहान ब्रिटिश इंजिनांवरच त्याला आयुष्य काढावं लागलं. घर बांधावं चांगलं चार मजली आणि पाण्याचा पंप मात्र एका मजल्याचा मिळावा, तसं झालं.

ते ऑर्फिअस आतल्या दालनात पाहायला मिळतं. माझ्याबरोबरच्या भाच्याला या दालनात कंटाळा येईल असं वाटलं होतं. पण तिथे बेळगावकडचे एक निवृत्त फिटर भेटले आणि आमचा तास कसा गेला कळलं नाही. “ताई, हे साधं इंजिन,” ते म्हणाले, “याची स्थिर पाती जागची हलत नाहीत. हल्लीच्या इंजिनात ती वळतात. खरी गंमत तिथे आहे.”

जेट इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबणारा काँप्रेसर असतो. त्यात फिरत्या पात्यांची एक रांग, मग स्थिर पात्यांची एक, पुन्हा फिरती, पुन्हा स्थिर, अशी रचना असते. फिरती पाती हवा मागे ढकलतात, स्थिर पाती तिला पुढच्या रांगेसाठी योग्य दिशा देतात. ऑर्फिअसमध्ये अशा सातच जोड्या आहेत, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. जास्त दाब हवा म्हणून रांगा वाढवल्या, की इंजिन कमी वेगात असताना हवा पात्यांवर वेड्यावाकड्या कोनात येऊ लागते. पाती तिला धरू शकत नाहीत, आणि दाबलेली हवा उलटी पुढच्या तोंडातून बाहेर येते. मोठा धमाका होतो, कधी ज्वाळाही दिसतात. याला सर्ज म्हणतात.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गेरहार्ड नॉयमान नावाचा अभियंता होता. मूळचा जर्मन, युद्धकाळात चीनमध्ये अमेरिकन विमानांचा मेकॅनिक, युद्धानंतर पत्नी आणि कुत्र्याला घेऊन जीपने आशिया खंड ओलांडणारा अवलिया. स्थिर पातीच वळती केली तर, या कल्पनेचा त्याने पाठपुरावा केला. 1954 मध्ये पहिल्यांदा चाललेल्या त्यांच्या जे-79 इंजिनात काँप्रेसरच्या सतरा रांगा होत्या, आणि पुढच्या सहा रांगांची स्थिर पाती व तोंडावरची मार्गदर्शक पाती वेगानुसार वळत.

मुंबईच्या जुन्या इमारतींत न्हाणीघराला काचपट्ट्यांची खिडकी असते ना? एक दांडी ओढली की साऱ्या पट्ट्या एकदम वळतात. तसंच इथे आहे. प्रत्येक पात्याची खुंटी इंजिनाच्या कवचातून बाहेर येते. तिला छोटी दांडी, आणि एका रांगेतल्या साऱ्या दांड्या कवचाभोवतीच्या एका कड्याला जोडलेल्या. कडं थोडं फिरलं की रांग वळली. कडं फिरवायला दट्ट्या असतो, आणि पुष्कळ इंजिनांत त्याला जोर देतं ते दाबाखालचं विमानाचंच इंधन.

आता खिडकीची एखादी पट्टी निसटून लोंबू लागली तर आपण दोरा बांधून वेळ मारून नेतो. आकाशात ते जमत नाही. एकच पातं सुटलं, तरी मागची फिरती पाती दर फेरीला त्या बिघडलेल्या झोताचा तडाखा खातात आणि थकून तुटू शकतात. म्हणून दांडीचं भोक असं कापतात, की ती चुकीच्या कोनात बसूच नये, आणि स्क्रू सैल झाला तरी खुंटीवरून निघू नये. दट्ट्याही सहसा दोन ठेवतात.

मी विचारलं, “आणि सगळंच बंद पडलं तर?” काका हसले. जुन्या रेल्वे सिग्नलची तार तुटली, तर वजनाने हात आडवा होतो आणि गाडी थांबते. रेल्वेत थांबणं म्हणजे सुरक्षित. विमानाला हवेत थांबता येत नाही! पाती मिटलेल्या बाजूला गेली तर सर्ज टळतो, पण जोर घटतो. उघड्या बाजूला राहिली तर जोर मिळतो, पण वेग कमी करताना सर्जची भीती. नियंत्रण सुटल्यावर पाती कुठे जावीत, हे त्या-त्या इंजिनाचा स्वभाव पाहून आधीच ठरवावं लागतं. आणि मग स्प्रिंग, दट्ट्या व हवेचा स्वतःचा रेटा त्यांना तिकडेच नेईल, अशी बांधणी करायची.

हा केवळ कागदावरचा प्रश्न नाही. 13 एप्रिल 2010 रोजी सुरबायाहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या विमानात दूषित इंधन भरलं गेलं होतं. त्यातल्या बारीक गोळ्यांनी दोन्ही इंजिनांच्या इंधन-झडपा अडकल्या, आणि पाती वळवणारी यंत्रणाही. एक इंजिन जवळजवळ निकामी, दुसरं जोर कमीच करेना. वैमानिकांनी ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने विमान धावपट्टीवर टेकवलं. उतरण्याच्या घाईत पुष्कळांना दुखापत झाली, पण तीनशेहून अधिक माणसांपैकी एकही दगावलं नाही.

भाच्याचा पुढचा प्रश्न सरळ होता : “आपण असं इंजिन का नाही बनवत?” बंगळूरमध्येच ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प 1989 मध्ये मंजूर झाला. पण 4 जानेवारी 2001 रोजी याच शहरात प्रथम उडालेलं ‘तेजस’ अमेरिकन इंजिनावर उडालं, आणि 2008 मध्ये कावेरीची त्याच्याशी असलेली जोडणी तोडण्यात आली. काकांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. मारुतकडे बोट करून एवढंच म्हणाले, “त्यालाही विचार.”

शक्य असेल तर दुपारचं ऊन टाळून जा आणि इंजिनांचं दालन आधी पाहा. विमानं बाहेर उभीच आहेत, ती कुठे जात नाहीत.