क्विझमध्ये न आलेला झेंडा

संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली, "मराठी विभागाची पानं रिकामी आहेत, काहीतरी दे ना." दोस्तांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात माझा अजून गोंधळ होतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला आणि पुढे वाचा.

आठवीत असताना पुण्यात आमच्या टीमने एक क्विझ जिंकलं होतं. माझ्याकडे विषय होता अमेरिकेच्या राज्यांचे झेंडे. पन्नासच्या पन्नास पाठ! शेवटचा प्रश्न अलास्काचा आला आणि बझर मी दाबला. 'बिग डिपर आणि नॉर्थ स्टार, डिझाइन बेनी बेन्सन, १९२७.' हा बेनी तेरा वर्षांचा, अनाथाश्रमात राहणारा मुलगा. बिग डिपर म्हणजे आपले सप्तर्षी, हे मात्र मला बारावीनंतर कळलं. कप अजून घरच्या शोकेसमध्ये आहे.

पुढे कॅप राउंडने मला पुण्यातून उचलून मराठवाड्यात आणलं, तुमच्यात. गेल्या कार्तिकात, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे आजोबा. लातूर जिल्ह्यात गावी असतात, वय पंच्याऐंशी. "कपिलधारला येतीस का? फुडच्या साली मी हाय का न्हाई, कुणाला ठावं." आता यावर काय बोलणार? जर्नल रूममेटच्या गळ्यात मारलं आणि एस.टी. पकडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कपिलधार बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरातल्या एका दरीत आहे. तिथे धबधबा आहे आणि 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला वीरशैव लिंगायत समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून लोक येतात, कितीतरी दिंड्या पायी.

आप्पांना आता फार चालवत नाही. म्हणून आम्ही दिंडीच्या मागे जीपमध्ये. पुढे दिंडीची भगवी पताका, दोन टोकांची. मी आपलं ज्ञान पाजळलं, "आप्पा, अमेरिकेत ओहायो राज्याचा झेंडा अस्साच आहे. १९०२ पासून. पन्नासात तेवढा एकच आयताकृती नाही."

"आन् बाकीचे?"

"बऱ्याच राज्यांचे निळे, मधोमध राज्याचं सील. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पलटणींचे झेंडे तसे असायचे. तीच पद्धत पुढे राहिली."

"म्हंजे ग्रामपंचायतीचा शिक्का कापडावर मारल्यावानी."

क्विझची इतकी तयारी केली, पण इतकं अचूक मला कुणी सांगितलं नव्हतं! मग मी त्यांना मिसिसिपीचं सांगितलं. १८९४ पासून त्या झेंड्याच्या कोपऱ्यात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचं निशाण होतं. ज्यांचे पणजोबा गुलाम होते, त्यांच्या मुलांनाही शाळेत तोच झेंडा. २०२० च्या जूनमध्ये तिथल्या विधिमंडळाने तो उतरवला आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा निवडला.

आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझा जल्म पिवळ्या झेंड्याखाली झाला, पोरी."

पिवळा म्हटल्यावर मला आठवला न्यू मेक्सिको, झिया लोकांचा लाल सूर्य, १९२५! आप्पा सांगत होते निजामाचा झेंडा. पिवळा, मधे पांढरा गोल. तो गोल म्हणजे कुलचा, रोटीचा प्रकार. पहिल्या निजामाला एका सुफी संताने कुलचे खायला दिले, त्याने सात खाल्ले, म्हणून घराण्याचं राज्य सात पिढ्या चालेल असा आशीर्वाद मिळाला, अशी आख्यायिका आहे. मीर उस्मान अली खान हे सातवे आणि शेवटचे.

बीड, लातूर, सगळा मराठवाडा त्या झेंड्याखाली होता. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण नाही. इथे तिरंगा लावणं म्हणजे तुरुंग. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते. त्यांना त्याच दिवशी अटक झाली.

आप्पांच्या वडिलांनी तेव्हा एक तिरंगा ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून ठेवला होता. रझाकार गावात आले की आप्पांची आई त्या कणगीला टेकून बसायची, मांडीवर लेकरू घेऊन. ते लेकरू म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. आप्पा तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांना ताकीद होती, कणगीकडे बघायचंसुद्धा नाही. "त्या सालात मी कणगीकडं न बघता जेवाया शिकलो," ते म्हणाले.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. झेंडा बाहेर काढला तर एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. मधे चरखा, अशोकचक्राचा झेंडा तोवर गावात पोचलाच नव्हता. कोपरा तसाच ठेवून तो वेशीवर लावला.

एवढ्यात शेजारून बिदरची एक जीप गेली. बॉनेटवर लाल-पिवळा झेंडा, १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाचा उरलेला. आप्पा म्हणाले, "ही बी तवा आमच्याच झेंड्याची रयत." खरंच की! १९५६ मध्ये हैदराबाद राज्य तिघांत वाटलं गेलं, तोपर्यंत बिदर, बीड, तेलंगण एकाच राज्यात होते.

"मग आता आपल्या राज्याचा झेंडा कोणता गं?" आप्पांनी विचारलं.

बझर दाबायला हात उचलला आणि तसाच राहिला. महाराष्ट्राला स्वतंत्र झेंडा नाही. कर्नाटकाने २०१८ मध्ये आपला झेंडा मंजुरीसाठी केंद्राकडे पाठवला, मंजुरी मिळाली नाही. जम्मू-काश्मीरचा नांगराचा लाल झेंडा होता, तो २०१९ मध्ये गेला. "आपल्याला तिरंगाच," मी म्हणाले.

"बरं हाय. त्योच तर कणगीत ठेवला हुता."

शेवटच्या टप्प्यावर आप्पा हट्टाने खाली उतरले. पताकाधाऱ्याला 'शरणू शरणार्थी' म्हणाले आणि पताका माझ्या हातात द्यायला सांगितली. मित्रांनो, बेंडिंग मोमेंट मी दोन सेमिस्टर शिकले आहे, पण तो काय असतो ते दरीतल्या वाऱ्यात बांबू धरल्यावर कळलं. पाच मिनिटांत खांदे भरून आले. आप्पा माझा दंड धरून चालत होते. मी त्यांना आधार देत होते की ते मला, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

आता एक कबुली. इथे आल्यापासून दर १७ सप्टेंबरला सकाळी आपल्या ग्राउंडवर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं. वॉर्डन मॅडम दार वाजवतात. तिन्ही वर्षं मी उशी डोक्यावर घेऊन झोपले होते. मागच्या वेळी तर "कसला हा एक्स्ट्रा पंधरा ऑगस्ट" असंही म्हणाले होते, रूममेट साक्षीदार आहे.

आप्पांना हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. फक्त यंदाच्या १७ तारखेला माझं दार जरा जोरात वाजवा.