सीमेवरची काटकसर

काटकसर हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे की, त्याचा अर्थ कुणी कुणाला विचारीत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आजीपासून नातीपर्यंत सर्वांनी ऐकलेले असते. बेळगाव-निपाणीच्या टापूत मात्र या जुन्या गुणाला एक निराळे वळण मिळाले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचा वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. पण बाजार, प्रवास आणि मुलांचे शिक्षण निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. तेव्हा इथल्या गृहिणींनी हिशेबाच्या वहीत दोन्ही राज्यांचे रकाने आखून घेतले आहेत.

बेळगावहून कोल्हापूरला जाण्याचेच उदाहरण घ्या. अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली. राज्यातील रहिवासी स्त्रीने ओळखपत्र दाखविले की वाहक तिच्या हाती शून्य रुपयांचे तिकीट ठेवतो. साध्या व वेगवान गाड्यांना ही सवलत आहे. आरामगाड्यांना आणि थेट परराज्यात जाणाऱ्या गाड्यांना नाही. तिकडे महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या १७ मार्चपासून एस.टी.मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे झाले. त्यापूर्वी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला होता. या दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच.

आता इथली गृहिणी काय करते? ती कोल्हापूरची थेट गाडी सोडते आणि निपाणीच्या गाडीत बसते. काकती, हत्तरगी, संकेश्वर करीत ती शून्य तिकिटावर निपाणीला उतरते. वाटेचा दोन-तृतीयांश भाग तेथे संपलेला असतो. मग ती एस.टी. पकडते. दूधगंगेच्या पुलापर्यंत पुरे भाडे, पूल ओलांडला की निम्मे. गाडी बदलण्यात अर्धा तास जातो, गुडघे कुरकुरतात. पण माहेरी नेण्याच्या कुंद्याच्या डब्याचे पैसे त्यातून सुटतात. हा हिशेब तिला कोणत्या कचेरीने समजावला नाही. थांब्यावरच्या बायकांनी एकमेकींना सांगितला.

त्या कुंद्याची कुळकथाही बेळगावात मोठ्या कौतुकाने सांगतात. चुलीवर ठेवलेले दूध म्हणे विसरल्यामुळे फार आटले, आणि ते टाकून देण्याऐवजी त्याचा गोड पदार्थ करण्यात आला. कथा खरी असो वा नसो, गावाने ती आपली म्हणून जपली आहे, यावरून गावाचा स्वभाव कळतो.

पुरुषमंडळींचा हिशेब इंधनाचा. दोन्ही राज्यांचे कर निरनिराळे असल्याने गेली काही वर्षे पेट्रोल कर्नाटकाच्या बाजूस थोडे स्वस्त पडते. त्यामुळे कागलकडची वाहने दूधगंगा ओलांडून कोगनोळी-निपाणीकडे टाकी भरून घेतात. निपाणीच्या विद्यार्थ्यांची वाट याच्या उलट दिशेची. शहराला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात येते. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात! मुलगा परगावी ठेवला असता तर खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल आले असते. इथे तो दुपारी घरच्या भाकरीला परत येतो.

मात्र या सवलतींच्या भरवशावर कोणी फार विसंबू नये, हेही सीमेवरच्या माणसास ठाऊक आहे. वातावरण तापले की पहिल्याप्रथम गाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या होत्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही थांबल्या. मग शून्य तिकीट काय आणि अर्धे काय, दोन्ही पदराच्या गाठीलाच राहतात. शासनाने दिलेली सवलत शासन केव्हाही मागे घेऊ शकते.

स्वस्ताईलाही एक दुसरी बाजू असते आणि ती निपाणीइतकी दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. ही तंबाखूची पेठ. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी येथे महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी बळी पडले. पेठेत जे स्वस्त म्हणून विकले जाते, त्याची किंमत कुणीतरी शेतात मोजलेली असते. म्हणून बेळगावच्या बाजारात खेड्यावरून भाजीची पाटी घेऊन आलेल्या मावशीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणे ही काही काटकसर नव्हे. हंगामात घ्यावे, गरजेपुरते घ्यावे, घेतलेले वाया घालवू नये. काटकसर एवढ्यातच पुरी होते.

मग टिकाऊ बचत कुठली? माझ्या मते, समाजाने मिळून उभी केलेली आणि सर्वांना थोडक्यात अथवा फुकट मिळणारी सोय. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ मधले. अल्प वर्गणीत एका घराला वर्षभर पुरतील इतकी पुस्तके तेथे मिळतात. तीच विकत घ्यायची म्हटली तर किती पगार लागतील, याचा हिशेब वाचकांनी करावा. हिवाळ्यात कडोली, उचगाव, कुद्रेमानी, येळ्ळूर, सांबरा या खेड्यांत मराठी साहित्य संमेलने भरतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, पाहुणे लेखक मांडवात बोलतात आणि ऐकणाऱ्याला तिकीट नसते. शेतातून आलेला माणूस डोक्याचा पटका सावरीत पहिल्या रांगेत बसतो. बॅरिस्टर नाथ पै यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि १९७१ च्या जानेवारीत देह पडला तोही बेळगावातच. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेलाही श्रोत्याने फक्त वेळ काढून यायचे असते.

अशा सोयींचे पुढे काय होते, ते टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीकडे पाहून समजते. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याला येणाऱ्यांच्या पाण्यासाठी ही विहीर खणली गेली. पुढे नळ आले आणि शहरातल्या जुन्या विहिरी विस्मरणात गेल्या. १९९५ ची टंचाई आली तेव्हा लोकांना त्यांची आठवण झाली. गाळ उपसून त्या पुन्हा वापरात आणल्या गेल्या. पाणी खालीच होते. पोहरा मात्र कुणी सोडत नव्हते.

वाचनालयाचेही तसेच आहे. आज सीमाभागातील कित्येक घरांत मुले इंग्रजी वा कन्नड माध्यमात शिकतात, आणि कपाटातील मराठी पुस्तक उघडणारा हात घरात उरतो तो आजीचाच. पुस्तक फुकट असून भागत नाही. ते मागणारा असावा लागतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या वाचकांना हा अनुभव परका वाटणार नाही. तुमच्या गावातही पूर्वजांनी उभारलेले एखादे मराठी ग्रंथालय असेल, उन्हाळ्याच्या सुटीत त्याची पायरी नातवंडांना दाखवावी. वर्गणी फार नसते. बेळगावकडे येणे झाले आणि सोबत कर्नाटकाची रहिवासी स्त्री असली, तर तिच्यासाठी निपाणीच्या थांब्यावर गाडी जरूर बदला, चार पैसे वाचतील. त्या पैशांचे काय करावे, हे मी सांगायला नको. सार्वजनिक वाचनालयाची वाट बेळगावात कोणीही दाखवील.