वैमानिकाची झोंप

पारल्यांत राहणाऱ्या मनुष्यास विमानाचें नवल उरत नाहीं. आमचें घर मुंबईच्या विमानतळापासून जवळच आहे. रात्रंदिवस विमानांची घरघर कानांवर पडते, आणि तान्हें मूलसुद्धां त्या आवाजानें जागें होत नाहीं. अशा घरांत वाढलेला आमचा पुतण्या पुढें वैमानिक झाला, तेव्हां कोणासही आश्चर्य वाटलें नाहीं. गेलीं बारा वर्षें तो लांब पल्ल्याचीं विमानें चालवीत आहे. परंतु तो नेमकें काय करतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. यंत्र आपोआप चालतें, वैमानिक शेजारीं बसतो, आणि परदेशचीं शहरें पाहून परत येतो, अशी आमची समजूत होती. ती कशी मोडली, तें सांगण्यासाठीं हा प्रवासवृत्तांत लिहीत आहों.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत घरीं सत्यनारायण होता. दूरदूरचे आप्त आले होते. पुतण्यास त्याच रात्रीं एक वाजतां न्यूयॉर्कचें विमान न्यावयाचें होतें, म्हणून तो दुपारीं बारापासून दार लावून निजला होता. दिवसा झोंपणें हें आमच्या पिढीच्या दृष्टीनें आळशाचें लक्षण. त्यांतून पूजेचा दिवस! तीन वाजतां आम्हीं दार ठोठावलें आणि त्यास तीर्थप्रसादास बोलावलें. तो मुकाट्यानें उठला, देवास नमस्कार केला, आणि पाहुण्यांत तासभर बसला. पुढें पुन्हां निजावयास गेला, पण झोंप कांहीं लागली नाहीं. सायंकाळीं त्यानें कंपनीस दूरध्वनीवरून कळविलें कीं, आज मी विमान नेण्यास योग्य नाहीं. त्याच्या जागीं राखीव वैमानिक गेला.

आम्हांस राग आला. आम्ही म्हणालों, "अरे, दोन तासांची झोंप मोडली म्हणून काम टाळतोस? आम्हीं अंगांत ताप असतांना वर्ग घेतले आहेत." तो एवढेंच म्हणाला, "काका, वर्गांत तुम्हांला डुलकी लागली तर मुलं हसतील." पुढचें वाक्य त्यानें उच्चारलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. त्यानंतर कित्येक महिने उभयतांचें बोलणें बेताचेंच होतें.

गेल्या मे महिन्यांत आम्ही पतिपत्नी न्यू जर्सीस मुलीकडे जाण्यास निघालों, आणि योगायोगानें त्याच विमानावर पुतण्याची नेमणूक झाली. त्या दुपारींही तो दार लावून निजला. आम्हीं दार ठोठावलें नाहीं इतकेंच. मन कांहीं पालटलें नव्हतें. विमानांत त्याचें दर्शनही झालें नाहीं. सप्टेंबर २००१ मध्यें अमेरिकेंत विमानें पळवून जो संहार झाला, तेव्हांपासून कॉकपिटचें दार भक्कम करून आंतून बंद ठेवण्यांत येतें. तेव्हां दारापलीकडची हकीगत त्यानें मागाहून मुलीच्या घरीं सांगितली, ती येथें प्रवासाच्या क्रमानें देत आहों.

उड्डाणापूर्वीं सुमारें दीड तास वैमानिक कामावर रुजू होतात. आरंभींच नळींत फुंकर मारून, पोटांत मद्याचा अंश नाहीं हें सिद्ध करावें लागतें. मग वाटेवरील वारे, वादळें, बंद असलेलीं आकाशक्षेत्रें आणि धांवपट्ट्या यांचीं टिपणें वाचावयाचीं, आणि इंधन किती घ्यावयाचें तें ठरवावयाचें. आमचें विमान बोइंग ७७७ जातीचें होतें. या जातीच्या मोठ्या विमानाच्या टाक्यांत सुमारें १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतें, आणि उड्डाणसमयीं विमानाचें एकूण वजन ३५१ टनांपर्यंत जाऊं शकतें. इंधन जास्त घेतलें, तर तें वाहून नेण्यासच आणखी इंधन जळतें. कमी घेतलें, तर मुक्कामाच्या जागीं धुकें पडल्यास दुसरीकडे जाण्याची सोय राहत नाहीं. हा हिशेब यंत्र करून देतें, परंतु अखेरचा शब्द मुख्य वैमानिकाचा असतो. इकडे हा हिशेब चाललेला असतां एक वैमानिक विजेरी घेऊन अंधारांत विमानास प्रदक्षिणा घालतो, आणि चाकें, पंख, इंजिनांचीं पातीं डोळ्यांनीं पाहून घेतो.

त्यानंतर यादीचें वाचन. एकानें शब्द उच्चारावयाचा, आणि दुसऱ्यानें ती ती कळ प्रत्यक्ष पाहून उत्तर द्यावयाचें. वीस वर्षें हें काम केलेला मनुष्यसुद्धां यादी पाठ म्हणत नाहीं, वाचूनच म्हणतो. आमची संथा याच्या नेमकी उलट. आम्ही पोथी मिटून म्हणावयास शिकलों. परंतु हेतु एकच, कीं एकही अक्षर गळूं नये. १९३५ सालीं अमेरिकेंत बोइंग कंपनीचें एक नवें अवाढव्य विमान परीक्षेच्या उड्डाणांत कोसळलें. जमिनीवर उभें असतां विमानाचीं सुकाणें वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून तीं जखडून ठेवीत. तो अडसर काढावयाचा राहून गेला होता. चालविणारा नवशिका नव्हता, कसलेला होता. तेव्हांपासून स्मरणापेक्षां यादीवर अधिक विसंबण्याची चाल पडली.

मध्यरात्र उलटल्यावर आमचें विमान उडालें. मुंबईचे दिवे मागें पडले, आणि उतारूंनीं पांघरुणें ओढून घेतलीं. मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ धरलें तर सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. आकाशांतील वाट वांकडीतिकडी असल्यामुळें प्रत्यक्षांत अधिकच. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनला पहिलें भारतीय विमान गेलें, तें कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत गेलें होतें. आम्ही तर वाटेंत कोठेंही न टेकतां सुमारें सोळा तास जाणार होतों. एकाच जोडीनें एवढा वेळ जागणें माणसाच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून या विमानावर चार वैमानिक होते, दोन मुख्य आणि दोन सहवैमानिक.

विमान उंचीवर पोंचलें कीं सुकाणूं यंत्राच्या स्वाधीन होतें, ही आमची समजूत खरी ठरली. पण तेवढीच. दोघांपैकीं एक जण विमान चालविणारा, आणि दुसरा त्यावर नजर ठेवणारा. इंधन हिशेबाप्रमाणें जळत आहे कीं नाहीं, तें वरचेवर ताडून पाहावयाचें; देशोदेशींच्या नियंत्रकांशीं बोलावयाचें; गडगडाटी ढग रडारवर दिसतांच वाट वळवावयाची. आणि या सर्वांहून मोठें काम म्हणजे एक प्रश्न मनांत अखंड जागता ठेवावयाचा: या क्षणीं इंजिन बंद पडलें, किंवा एखाद्या उतारूचें हृदय बंद पडूं लागलें, तर उतरावयाचें कोठें? दोन इंजिनांच्या विमानानें, एका इंजिनावर ठराविक वेळांत एखादा विमानतळ गांठतां येईल अशाच वाटेनें जावें, असा नियम आहे. पुष्कळ विमानांस ही मर्यादा १८० मिनिटांची असते. अटलांटिक महासागर ओलांडतांना आइसलंडमधील केफ्लाविक, कॅनडांतील गँडर, गूज बे, अशीं नांवें या कामीं येतात. पुतण्या म्हणाला, "काका, गँडरला मी एकदांही उतरलों नाहीं. पण तिथलं हवामान मला पारल्याच्या हवामानापेक्षां अधिक ठाऊक असतं."

कॉकपिटांतील सर्व व्यवहार ग्रीनिचच्या मध्यरेषेवरील वेळेनें चालतो. आपल्या ज्योतिर्गणितांत उज्जयिनीची रेषा धरून गणित करीत, तशांतलाच हा प्रकार. परंतु देह ग्रीनिच मानीत नाहीं. तो पारलेंच मानतो. रात्रीं दोनपासून पहाटे सहापर्यंतचा काळ देहाच्या मंदीचा. त्या वेळीं मनुष्य कितीही दृढनिश्चयी असो, त्याची बुद्धि आणि हात दोन्ही जड होतात. आमचें विमान सुटलें तें नेमकें या काळाच्या तोंडावर.

म्हणून वैमानिकांनीं पाळीपाळीनें निजावयाचें. कॉकपिटाच्या मागें, पुढच्या भागांतील उतारूंच्या डोक्यावर, अरुंद जिन्यानें चढून जावयाची एक लहानशी कोठडी असते. तींत दोन बिछाने. एक जोडी काम करते, तेव्हां दुसरी तेथें निजते. पहिली पाळी वांट्यास आली तर झोंप लवकर लागत नाहीं. दुसरी आली तर तोंवर डोळे ओढूं लागतात. झोंपून उठल्यावरही लगेच आसनावर बसून चालत नाहीं. डोक्यांतील जडपणा उतरण्यास अवधि द्यावा लागतो. घरीं मनुष्य काम संपवून झोंपतो. येथें झोंपणें हेंच कामाचें अर्धें अंग.

आम्ही मात्र जागेच होतों. युरोपवर उजाडूं लागलें, आणि मग एक चमत्कार दिसला. ती सकाळ पुढें सरकेनाच! उत्तरेकडे साठाव्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशीं सुमारें ८३५ किलोमीटर वेगानें पूर्वेकडे फिरतो, आणि आपलें विमान जवळजवळ त्याच वेगानें पश्चिमेकडे जात असतें. त्यामुळें सूर्य जणूं एका जागीं खिळून राहतो. घड्याळांत तासांमागून तास गेले, आणि बाहेर तेंच कोंवळें ऊन. आम्हांस तें दृश्य रम्य वाटलें. ज्यास त्या उजेडांत आपला थकवा ओळखावयाचा आहे, त्यास मात्र तें फसविणारें आहे. १९२७ च्या मे महिन्यांत लिंडबर्ग हा तरुण वैमानिक एकटाच न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत गेला. वारा आणि बर्फ यांच्याइतकाच त्यास झोंपेशीं झगडा करावा लागला होता.

सकाळीं साडेसातच्या सुमारास न्यूयॉर्क आलें. पारल्यांत त्या वेळीं सायंकाळचे पांच वाजले होते. दोनशेंहून अधिक टनांचें तें धूड ताशीं अडीचशें किलोमीटरांच्या आसपास वेगानें धांवपट्टीवर टेकलें, तें आम्हांस पुरतें कळलेंही नाहीं. तेव्हां मनांत विचार आला कीं, शिक्षकाचा शेवटचा तास सैल गेला तरी चालतो. या कामांत सर्वांत कठीण तास सर्वांत शेवटीं येतो. सोळा तासांत जी सावधगिरी जपून ठेवली, ती खर्चावयाची या अखेरच्या अर्ध्या तासांत.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या मुलीच्या घरीं जेवावयास आला. न्यूयॉर्कला आपण चाळीसएक वेळां आलों असूं, असें तो म्हणाला. "मग स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिलास ना?" असें काकूनें विचारलें. "एकदां पाहिला. एरवी हॉटेलचे पडदे पाहतों," तो हसून म्हणाला. उतरल्यावर जाड पडदे ओढून निजावयाचें, थोडें फिरावयाचें, पुन्हां निजावयाचें, आणि तिसऱ्या दिवशीं परत निघावयाचें. सणवार चुकतात, गेल्या सहा दिवाळ्यांपैकीं दोनच त्यास घरीं मिळाल्या. उड्डाणाच्या तासांस मर्यादा आहे. आपल्या देशांत वर्षास एक हजार तासांच्या वर विमान चालवितां येत नाहीं. साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांची करावी, असा नियम २०२४ सालीं झाला. परंतु नियम विश्रांतीचा वेळ देऊं शकतो, झोंप देऊं शकत नाहीं. ती घरानें द्यावयाची. आणि ती मिळाली नसेल, तर तसें उघड सांगून बाजूस होणें हाही वैमानिकाच्या कर्तव्याचाच भाग आहे.

मग त्यानें मंगळूरची गोष्ट काढली. २२ मे २०१० रोजीं दुबईहून आलेलें विमान तेथील डोंगरमाथ्यावरील धांवपट्टीवरून पुढें जाऊन दरींत कोसळलें. १५८ माणसें दगावलीं, आठ वांचलीं. चौकशींत असें आढळलें कीं, मुख्य वैमानिक वाटेंत दीड तासाहून अधिक वेळ झोंपला होता, आणि त्या झोंपेच्या जडपणाचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असावा.

आम्ही बराच वेळ गप्प बसलों. मग विचारलें, "त्या सत्यनारायणाच्या दिवशीं तूं वाक्य अर्धें सोडलेंस. पुरें काय होतें?"

तो पानाकडे पाहत म्हणाला, "कांहीं नाहीं काका. विमानांत तुमच्यासारखे तीनशें काका असतात."

आम्हीं क्षमा मागितली, असें म्हणवत नाहीं. वडीलपणा आड आला. परंतु परत आल्यावर आयुर्वेदाचे ग्रंथ पुन्हां काढून पाहिले. दिवसा झोंपूं नये, हा निषेध आम्हांस तोंडपाठ होता. रात्रीं जागलेल्यास आणि वाटचालीनें थकलेल्यास तो लागू नाहीं, हा अपवाद त्याच ग्रंथांत आहे. जन्मभर संस्कृत शिकवून आम्हीं नियम तेवढा लक्षांत ठेवला, आणि अपवाद विसरलों.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत रात्रीं जागणारें कोणी तरी असेल: रुग्णालयांतील परिचारिका, आगगाडीचा चालक, किंवा परदेशच्या वेळेनें संगणकावर काम करणारी सून. त्यांच्या दुपारच्या बंद दारास आळस समजूं नये. त्या दारामागें कोणाच्या तरी जिवाची राखण चाललेली असते.

आमच्या घरीं आतां पुतण्याच्या उड्डाणाच्या दिवशीं दुपारीं मिक्सर लागत नाहीं, आणि मुलें मागच्या अंगणांत खेळतात. त्या दिवशीं एखादी पूजा आलीच, तर आरती हलक्या आवाजांत म्हणतों, आणि घंटेचा लोलक आम्ही बोटांत धरून ठेवतों. मधूनच एखादें विमान घरघरत जातें. त्यानें मात्र आमच्या घरांत कोणी जागें होत नाहीं.